खिडकीतून टाकलेला टॉवेल

बीडच्या स्टँडवर शिरूर कासारची गाडी लागली की दोन प्रकारची माणसं दिसायची. काही दाराकडं धावायची, काही खिडकीकडं. मी खिडकीवाला.

भूमी अभिलेख खात्यात मी मोजणीदार होतो. बिऱ्हाड बीडला आणि नोकरी शिरूर कासारला, त्यामुळे सतरा-अठरा वर्षं रोज सकाळी त्याच गाडीनं गेलो. गाडी फलाटाकडं वळत असतानाच खिडकीतून आत टॉवेल टाकायचा, आणि मग दारातली रेटारेटी ओसरली की जावयासारखं सावकाश चढायचं. टॉवेल ज्या बाकड्यावर पडला ते बाकडं आपलं. असा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडणारा माणूसही मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिला नाही. नवख्यांचा टॉवेल वाऱ्यानं फिरून त्यांच्याच तोंडावर यायचा. माझा कधी आला नाही, कारण मी त्यात वजन बांधायचो. कधी जेवणाचा डबा, कधी मोजणीची फाइल. एकदा डब्यासकट टाकलेला टॉवेल बाकड्यावर न पडता ड्रायव्हरच्या मानेवर पडला.

त्या ड्रायव्हरनं गाडी जागेवर बंद केली. टॉवेल घेऊन खाली उतरला आणि सगळ्या स्टँडसमोर विचारलं, "कुणाचा हाय बे ह्यो?" मी पुढं झालो. त्यानं मला टाचेपासून टाळूपर्यंत न्याहाळलं, डबा हलवून बघितला, आत भाजी सांडली नाही याची खात्री केली आणि म्हणाला, "नेम चांगला हाय साहेब. पर मान सोडून मारा."

आमची मैत्री ती. पुढं मी रोज त्याच्याच मागच्या बाकड्यावर बसू लागलो. तो गाडी चालवायचा आणि मी त्याच्या मानेशी बोलायचो. दोघंही निवृत्त झालो तरी तो मला साहेब म्हणतो आणि मी त्याला डायवर.

आता पोरं लांब गेली. त्याचा मुलगा हॉलंडला, माझी लेक लिस्बनला. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नवराबायको लेकीकडं तीन महिन्यांसाठी गेलो होतो, आणि डायवर आणि वहिनी महिनाभर मुलाकडं राहून, गावी परतायच्या आधी चार दिवस आमच्याकडं आले. परतीचं विमान गुरुवारी संध्याकाळी लिस्बनवरूनच होतं. ते चुकवून चालणार नव्हतं. रविवारी गेवराईला त्याच्या भाचीचं लग्न होतं. एकुलत्या बहिणीची एकुलती लेक, शाळेपासून मामाच्याच घरी वाढलेली. मामानं हात धरून मांडवात आणल्याशिवाय ती यायची नाही, असं तिनं फोनवर तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्या वेळी रडली होती.

पहिले तीन दिवस शहर मी दाखवलं. आयुष्यभर लोकांना त्यांच्याच शेताच्या हद्दी दाखवलेला माणूस मी, मला नकाशा कशाला लागतो, असं मी लेकीला सुनावलं होतं. परिणामी पहिल्या दिवशी किल्ला शोधताना आम्ही एकाच मासळीच्या दुकानासमोरून चार वेळा गेलो. चौथ्या वेळी दुकानदारानं हात केला. वहिनींनीही केला. मला म्हणाल्या, "भाऊजी, इतं तुमची वळख लई हाय."

चौथ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी सकाळी, मी डायवरला विचारलं की आता काय बघायचं राहिलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ती पिवळी गाडी."

लिस्बनच्या टेकड्यांवरून जुन्या लाकडी ट्रामा चालतात. एकच डबा, रंग पिवळा, आणि चढ असे की आपल्याकडं बैलानंही मान टाकली असती. तीन दिवस तो रस्त्यात थांबून थांबून त्या ट्रामांकडं बघत होता, ते माझ्या लक्षात आलं होतं.

"बत्तीस वर्षं गाडी चालवली साहेब," तो म्हणाला. "पर खिडकीत बसून काईच बगितलं न्हाई. डायवरला नुसता रस्ता दिसतो. कडंला काय हाय ते पब्लिकला ठावं. एकदा मला खिडकीत बसव. फुडल्या बाकड्यावर. चढाला गाडी कशी घालत्यात ते बी बगतो."

एवढंच मागणं. मी म्हटलं, "खिडकी तुझी. शब्द माझा."

लेक ऑफिसला निघाली होती. दारातून वळून म्हणाली, "बाबा, ट्रामला रांग असते. रांगेत उभे राहा. दुसरं काही करू नका." बायकोचे गुडघे दुखत होते, तिनं घरी राहून पाहुण्यांच्या वाटेसाठी धपाटे करायचं ठरवलं. म्हणजे मला अडवणारी दोन्ही माणसं त्या दिवशी घटनास्थळी नव्हती, याची नोंद घ्यावी.

निघताना वहिनींच्या हातात एक तपकिरी रेक्झिनचं पाकीट दिसलं. त्यात दोघांचे पासपोर्ट आणि विमानाचे कागद. घर सोडल्यापासून त्यांनी ते पाकीट हातावेगळं केलं नव्हतं, झोपतानाही उशाला घ्यायच्या. मी तिथंच जिन्यात उभं राहून त्यांना खिसेकापूंवर व्याख्यान दिलं. ट्राममध्ये पर्यटकांना कसे हेरतात, पर्स कशी कापतात, हे सगळं मला तिथल्या मुक्कामाच्या अनुभवावरून ठाऊक होतं, म्हणजे लेकीनं सांगितलेलं आठवत होतं. "माझ्याकडं द्या," मी म्हटलं. "माझ्या पिशवीला कोण हात लावतो बघू." वहिनींनी डायवरकडं पाहिलं. तो म्हणाला, दे, साहेब मानूस हाय.

ट्राम जिथून सुटते त्या थांब्यावर पन्नास-साठ माणसांची रांग. आम्ही शेपटाला उभे राहिलो. दहा मिनिटांनी ट्राम आली, उतारू उतरले, आणि ती आमच्यासमोर मोकळी उभी राहिली. ऊन चांगलं होतं. सगळ्या खिडक्यांच्या काचा खाली केलेल्या होत्या.

ते पाहिलं आणि माझा हात शिवशिवला. पुढचं बाकडं, ड्रायव्हरच्या बरोबर मागं, खिडकी सताड उघडी, आणि आम्ही शेपटाला. डायवर रांगेत मान उंच करून त्याच बाकड्याकडं बघत होता. मी पिशवीतून टॉवेल काढला. खांद्यावर टाकायला लेकीनं बंदी केल्यापासून तो पिशवीत असतो. हलका टॉवेल वाऱ्यानं परत येतो हे मला या वयातही कुणी शिकवायची गरज नव्हती. पिशवीत हात घातला, जे जड लागलं ते टॉवेलात गुंडाळलं, वर गाठ मारली, आणि रांग सोडून पलीकडच्या बाजूनं जाऊन टाकलं.

नेम चुकला असता तर बरं झालं असतं. पण गाठोडं जाऊन पडलं ते थेट पुढच्या बाकड्यावर, खिडकीच्या कडेला. कुण्या पर्यटकानं माझा फोटोही काढला. मी जावयाच्या चालीनं परत रांगेत आलो.

डायवर म्हणाला, "कुटं गेलतास?"

"तुझी खिडकी धरून आलो."

त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मी शिरूरच्या गाडीत अठरा वर्षं फक्त मागून, कानाच्या हलण्यावरून ओळखत होतो. आज समोरून पाहिलं. मग त्यानं जाणकारासारखं विचारलं, "वजन काय बांधलंस?"

मी आठवायला पिशवीत बघितलं, तर वहिनींचं तपकिरी पाकीट तिथं नव्हतं.

त्याच वेळी ट्रामचं दार बंद झालं. आमच्यापुढं अजून वीसेक माणसं शिल्लक होती. तिकडं माणसं भरली की दार लावतात, उरलेल्यांनी पुढच्या गाडीची वाट बघायची, आणि उरलेले खरोखर बघतात. घंटा वाजली. मी ट्रामच्या मागं धावलो. साठीनंतर चढावर धावणं म्हणजे काय ते मी तीस-चाळीस पावलांत समजून घेतलं आणि एका खांबाला धरून उभा राहिलो. गाडी वळणाआड गेली.

परत येऊन मी दोघांना खरं काय ते सांगितलं. आवाज न चढवणाऱ्या माणसांचं दुःख असं की त्यांच्यापुढं आपल्यालाही ओरडता येत नाही. वहिनी कठड्यावर बसल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "आयतवारी पोरीला मांडवात कोन आननार?"

त्यानं रुळांच्या कडेला जाऊन गाडी गेली ते वळण बघितलं. मग मला म्हणाला, "गाडी नंबर बगितलास?"

मी गाडीचा रंग पाहिला होता. तिथल्या सगळ्याच पिवळ्या.

"पाचशे सत्तावन," तो म्हणाला. "डायवर बाई हाय, केस बारीक. आन रडू नगंस. ती गाडी रूळ सोडून कुटं जानार? आपल्या गाडीला वाट सोडता यायची, हिला त्ये बी न्हाई."

त्याचं म्हणणं असं की गाडीत राहिलेलं सामान पळत नसतं. कंडक्टरला सापडलं तर डेपोत जमा होतं, नाही सापडलं तर गाडीबरोबर फिरत राहतं. गाडी गाठायची, बस्स. मी त्याला खिसेकापूंची आठवण करून दिली नाही. सकाळचं माझं व्याख्यान त्यालाही आठवत असणार.

लिस्बनमध्ये पर्यटकांना फिरवायला आपल्यासारख्याच तीनचाकी रिक्षा असतात. एक समोरच उभी होती, आणि रिक्षावाला निघाला पंजाबकडचा. मी त्याला हिंदीत सगळं सांगितलं. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. डायवरनं माझ्याकडं बोट करून मान हलवली तेव्हा त्याला पटलं आणि तो हसत सुटला. हसतच त्यानं रिक्षा चालू केली. ट्राम वळसे घेत जाते, मी गल्लीतून नेतो, म्हणाला.

रिक्षा बीडसारखीच चालत होती, म्हणजे समोरून येणारा माणूसच बाजूला होईल या विश्वासावर. डायवर पुढं झुकून बसलेला, हाताची मूठ गिअर टाकल्यासारखी हलत होती. अडचण एकच, रिक्षावाल्याचा धंदा शहर दाखवायचा. एका टेकडीवर, खाली सगळी लाल कौलं आणि त्यांच्यापलीकडं समुद्राएवढी रुंद नदी दिसते तिथं त्यानं सवयीनं ब्रेक मारला, मागं वळला आणि त्या जागेची माहिती सांगायला लागला. मी ओरडणारच होतो. पण वहिनी उतरल्या होत्या.

"अगं, गाडी जाईल," डायवर म्हणाला.

"तुमीच म्हनलाव न्हवं, रूळ सोडून कुटं जात न्हाई?" त्या कठड्याला टेकून नदी बघत होत्या. "आपल्या गोदावरीला एवडं पानी असतं तर." मग फोन काढून त्यांनी फोटो घेतला. गेवराईला नणंदेला दाखवायला, म्हणाल्या. त्या फोटोत मी कोपऱ्यात आहे, दोन्ही हात डोक्यावर.

पुढं एका जुन्या चर्चच्या भिंतीला घासून गेलो. बाजारपेठेचा चौकोनी भाग लागला, तिथं सगळे रस्ते एकमेकांना काटकोनात, मोजणीची साखळी टाकून आखल्यासारखे. एरवी मी अर्धा तास तिथंच मोजणीवर बोललो असतो. त्या दिवशी दोन पिवळ्या ट्रामा दिसल्या, दोन्हींचे नंबर डायवरनं लांबूनच वाचून नाकारले. मग पुन्हा चढ, आणि चढाच्या मध्यावर ट्रामची घंटा ऐकू आली. एकसारखी, वैतागून वाजवलेली.

कुणीतरी सामान उतरवायला गाडी रुळावर आडवी लावून गेला होता. त्याच्यामागं पाचशे सत्तावन्न उभी.

"बग," डायवर समाधानानं म्हणाला. "आडवी गाडी लावनारा हिकडं बी हाय."

रिक्षा ट्रामच्या बाजूनं हळूहळू पुढं निघाली. आम्ही तिघंही मान वर करून आत बघत होतो. ट्राम खचाखच भरलेली, माणसं कड्यांना लोंबकळत होती. पुढच्या बाकड्यावर आतल्या बाजूला काळ्या कपड्यातली एक म्हातारी बसली होती. तिच्याशेजारची खिडकीची जागा रिकामी. त्या जागेवर माझा टॉवेल, गाठीसकट. म्हातारीनं हात त्याच्यावर ठेवला होता.

मला जे वाटलं ते नीट सांगता यायचं नाही. इतकी माणसं उभी, आणि टॉवेलाची जागा कुणी घेतली नव्हती.

दोन थांब्यांच्या मध्ये दार उघडत नाहीत, हे रिक्षावाल्यानं सांगितलं. त्यानं आम्हाला पुढच्या थांब्यावर सोडलं. पांढऱ्या घुमटाचं मोठं चर्च, समोर बाग, बागेच्या फाटकाशी थांबा. तिथं सहा माणसांची रांग होती. मी सातवा उभा राहिलो. लेकीला हे दृश्य दाखवायला हवं होतं.

पण थांब्यावरची एक मुलगी इंग्रजीत म्हणाली, गाडी भरलेली असली तर इथं थांबत नाही, निघून जाते. आणि ट्राम येताना दिसली ती वेग न कमी करता.

तेव्हा डायवर रांगेतून बाहेर आला. फूटपाथच्या कडेला उभा राहिला आणि त्यानं हात केला. प्रवासी करतात तसा वर हलवून नाही. कोपरातून आडवा, पंजा खाली, दोनदा दाबल्यासारखा. समोरासमोर आलेल्या दोन एसटीचे ड्रायव्हर एकमेकांना असा हात करतात, म्हणजे थांब, काम आहे. मी तो त्याच्या मागच्या बाकड्यावरून शेकडो वेळा पाहिला होता. आतल्या बारीक केसांच्या बाईनं त्याच्याकडं पाहिलं. ट्राम किंचाळत थांबली.

दार उघडल्यावर मी पुढं घुसलो. लेकीनं दिलेली ट्रामच्या प्रवासाची कार्डं दाखवली, खिडकीकडं बोट केलं, हात जोडले. म्हातारी माझ्याशी पोर्तुगीजमध्ये बोलायला लागली. शब्द एकही कळला नाही, पण ती माझं कौतुक करत नव्हती हे कळायला शब्द लागत नव्हते. मी टॉवेलाला हात घातला तर तिनं तो मांडीवर ओढून घेतला. माझ्या मागं उभ्या वहिनींकडं पाहिलं, त्यांच्या कपाळावरच्या कुंकवाकडं, पातळाकडं, आणि गाठोडं त्यांच्या हातात दिलं.

वहिनींनी तिथंच गाठ सोडली. पाकीट उघडलं. एक पासपोर्ट काढून नवऱ्याचा फोटो बघितला, दुसरा काढून स्वतःचा. दोन्ही परत घातले आणि पाकीट कमरेला खोचलं. टॉवेल मला दिला. "ह्यो तुमचा," म्हणाल्या. त्या दोन शब्दांत जिन्यातल्या व्याख्यानाचं सगळं उत्तर होतं.

म्हातारीनं गुडघे बाजूला घेतले आणि रिकाम्या जागेवर थापटलं. वहिनींनी नवऱ्याला पुढं ढकललं. तो बसला. खिडकीत.

मी लोंबकळत उभा होतो, त्याच्या मागं. म्हणजे पुन्हा त्याच्या मानेशीच. बेकरी गेली, वाळत घातलेले कपडे गेले, एका दारात वाटाणे सोलत बसलेला माणूस गेला. डायवरची मान प्रत्येक गोष्टीबरोबर वळून मागं जात होती, पुन्हा पुढं येत होती.

ट्रामचा शेवटचा थांबा एका स्मशानभूमीच्या फाटकाशी आहे. सगळ्यांना उतरवतात. डायवर मात्र उतरता उतरता बाईच्या केबिनपाशी थांबला. छातीवर बोट ठेवलं आणि दोन्ही हातांनी हवेत मोठं स्टेअरिंग फिरवून दाखवलं. ती हसली. बाजूला सरकून तिनं त्याला आपल्या जागेशी घेतलं. तिथं एक पितळी मूठ होती, वापरून वापरून चकचकीत झालेली. तिनं खूण केल्यावर त्यानं त्या मुठीवर पंजा ठेवला, फिरवली नाही. इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाला, "हिला स्टेरिंगच न्हाई बे."

"रुळावर चालती, स्टेअरिंग कशाला?"

"म्हंजे वळायचं काम हिला न्हाई," तो विचार करत म्हणाला. "मंग हिला कडंचं बगता येत आसंल."

परत जाताना आम्ही रांगेत उभे राहिलो. उभ्यानंच आलो. घरी बायकोनं धपाट्यांची चळत बांधून ठेवली होती. मी टॉवेलाचा विषय काढणार नव्हतो. वहिनींनी काढला, चपला काढायच्या आत. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "अहो, यांना विमानात खिडकी पाहिजे असती तर काय टाकलं असतं?" पाच वाजता आम्ही विमानतळाला निघालो. पाकीट वहिनींच्या कमरेला होतं आणि त्यांचा हात पाकिटावर.

रविवारी दुपारी गेवराईहून फोटो आले. भाची हिरव्या शालूत, मामा गुलाबी फेट्यात, तिचा हात धरून मांडवात येताना. तो रडत होता, ती हसत होती. मी फोटो मोठा करून बघितला. मामाचा एक हात भाचीच्या हातात. दुसऱ्या काखेत काहीतरी तपकिरी घट्ट दाबलेलं.

मी लगेच फोन लावला. मागं सनई, माणसांचा कालवा.

"डायवर, लग्नात पासपोर्ट कशाला आनलास बे?"

तो म्हणाला, "हिनंच दिला धरायला. घरात ठिवायला ती तयार न्हाई."

"आरं, मी तर हिकडं हाय. लिस्बनला."

"मी बी तेच म्हनलो तिला," तो म्हणाला. "ती म्हनली, भाऊजींचा नेम चांगला हाय."